हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब: कायद्यात बसतं का आणि रस्त्यावर काय होतं

प्रश्न असा आहे: २०१५ सालची हॅचबॅक, हेडलाइटला एच४ चे हॅलोजन बल्ब. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात रात्रीचं जाणं-येणं असतं आणि पावसात पुढचं नीट दिसत नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘२०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप), ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप)’ असं छापलेली एलईडी बल्बची जोडी बसवून देतो म्हणतात, वर ‘आरटीओवाले काही बोलत नाहीत’ अशी खात्रीही देतात. बसवावी का?

बसवू नका. कायद्यात ती बसत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि ज्यासाठी पैसे मोजणार ते लांबचं दिसणं बहुतेक वेळा आहे त्याहून कमी होतं. तुमची तक्रार मात्र अगदी खरी आहे. दहा वर्षांच्या गाडीचा उजेड कमी होतोच, पण त्यामागे बहुधा वायरिंग, काच आणि झोताची उंची असते. त्यावर कायद्यात बसणारे आणि स्वस्तातले उपाय आहेत, ते खाली सविस्तर दिले आहेत.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे मांडलं. यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आरसीवर बल्बचा प्रकार कुठे लिहिलाय?’ नाही लिहिलेला, हे खरं. पण हेडलाइटचा विषय कलम ५२ पाशी संपत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ थेट झोताबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका झोत कायम खाली वळवलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे समोरून मोटरसायकलवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची साधारण उंची. नियम किती नेमका आहे, ते यावरून लक्षात येईल.

शिक्षेचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ आहे. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या नियमभंगासाठी कलम १७७ लावलं तर पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. रस्त्यावर पोलीस कोणतं कलम लावतील आणि तडजोडीची रक्कम किती, हे राज्यागणिक बदलतं. ‘कुणी पकडत नाही’ हा अनुभव असू शकेल, पण ती परवानगी नव्हे. रात्री समोरासमोर अपघात झाला आणि पंचनाम्यात हेडलाइटमधले बाहेरचे बल्ब नोंदले गेले, तर विमा कंपनीशी आणि न्यायालयात त्याचं उत्तर मालकालाच द्यावं लागतं.

कायद्यामागचं तांत्रिक कारण समजून घेण्यासारखं आहे. हेडलाइटला मान्यता मिळते ती काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब या तिघांना मिळून. पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या आणि त्यांचे भाग तपासणाऱ्या संस्थेत दिवा तपासला जातो तेव्हा त्यात ठरलेल्या प्रकारचाच बल्ब असतो. तुमच्या हेडलाइटच्या काचेवर कडेला बारीक अक्षरं कोरलेली दिसतील: ‘एचसीआर’ किंवा मध्ये तिरकी रेघ असलेलं ‘एचसी/आर’. एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे लो बीम, आर म्हणजे हाय बीम. हॅलोजन काढून एलईडी घातला की त्या अक्षरांना आणि त्या मान्यतेला अर्थ उरत नाही.

बल्बच्या खोक्यावरच्या खुणेनेही फसायला होतं. गोलात ई आणि आकडा दिसला की ‘युरोपियन मान्यता’ असं सांगतात. त्या खुणेशेजारचा क्रमांक वाचा. तो ‘१०आर’ने सुरू होत असेल, तर ती मान्यता फक्त विद्युत-चुंबकीय व्यत्ययाची आहे, म्हणजे बल्बमुळे रेडिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स बिघडणार नाहीत एवढीच. उजेडाशी आणि झोताशी तिचा काही संबंध नाही.

‘परदेशात चालतं’ असंही म्हटलं जातं. ब्रिटनमध्ये २०२१ च्या जानेवारीपासून हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब सापडला की मोटार वार्षिक तपासणीत नापास होते. जर्मनीत २०२० मध्ये ओसरॅम या बल्ब कंपनीच्या एका एलईडी बल्बला रस्त्यावरची मान्यता मिळाली, पण ती ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाइटपुरती. अमुक दिव्यात अमुक बल्ब बसवल्यावर झोत मोजला, तो मर्यादेत निघाला, मग ती जोडी यादीत गेली. यादीबाहेरच्या गाडीत तोच बल्ब तिथेही बेकायदाच. आपल्याकडे अशी गाडीवार यादी नाही, त्यामुळे जर्मनीचं उदाहरण तुमच्या गाडीला लागू पडत नाही.

आता झोत बिघडतो कसा ते पाहू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. एच४ चा बल्ब उजेडासमोर धरून बघा. आत दोन फिलामेंट आहेत, प्रत्येक साधारण पाच मिलिमीटर लांबीची बारीक गुंडाळी. पुढच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी आहे. लो बीमला ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली पडतो. समोरच्या भिंतीवर दिसणारी उजेडाची वरची आडवी रेघ, म्हणजे कट-ऑफ, या वाटीच्या कडेनेच तयार होते. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते. साइडपट्टी, चालणारे लोक आणि पाट्या दिसाव्यात, उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, यासाठी ती रचना आहे.

फिलामेंट चहूबाजूंनी जळतं. एलईडी बल्बमध्ये मधल्या चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, त्यामुळे उजेड दोन्हीकडे फेकला जातो आणि पट्टीच्या कडांच्या दिशेला अंधार राहतो. चिपचा आकार वेगळा, पट्टीला स्वतःची जाडी, आणि एच४ च्या नकलेत वाटीची जागा जेमतेम साधलेली. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग फिलामेंट नेमकं कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. तिथे एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला, तरी रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर नको तो उजेड पोचतो आणि तो कट-ऑफच्या वर उडतो. तोच समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुसरं नुकसान चालवणाऱ्याचं, आणि ते त्याला जाणवत नाही. विखुरलेला उजेड बोनेटपुढच्या १०-१५ मीटरवर पांढराशुभ्र पडतो. ‘काय उजेड आहे!’ असं वाटतं. पण जवळचं इतकं उजळलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि ६०-७० मीटरवरचा माणूस आणखी अंधारात जातो. झोताच्या मध्यावरचा तीव्र ठिपका, जो लांब पोचतो, तो पसरून गेलेला असतो. हाय बीमला तर हे सरळ दिसतं: उजेड झाडांच्या शेंड्यांवर, आणि वळणावरचा दगड दिसत नाही.

प्रोजेक्टर दिव्यात, म्हणजे पुढे गोल भिंग असलेल्या दिव्यात, कट-ऑफ आतल्या पडद्याने बनतो, म्हणून तिथे डोळे दिपण्याचा त्रास कमी होतो. तरी मधला ठिपका सरकतोच, आणि कायद्याची स्थिती तीच राहते.

डोळे दिपणं म्हणजे नेमकं किती अंतर? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. घाटातल्या दुपदरी रस्त्यावर समोरचा दुचाकीवाला तेवढं अंतर जवळजवळ आंधळेपणाने काटतो. वय वाढलेल्या किंवा मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या माणसाच्या डोळ्यात उजेड जास्त पसरतो, त्याला सावरायला आणखी वेळ लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी केवळ या कारणासाठी मी हे बल्ब बसवू नका म्हणेन.

पावसाचा मुद्दा अर्धवट सांगितला जातो. ‘पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो’ ही समजूत फारशी बरोबर नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांच्यावरून उजेड विखुरताना रंगाने विशेष फरक पडत नाही. फरक पडतो तो कट-ऑफच्या वर किती उजेड उडतो त्याने, कारण तोच थेंबांवरून परतून तुमच्या डोळ्यांत येतो. हॅलोजनच्या सांगाड्यातल्या एलईडीत नेमका तोच वाढलेला असतो. निळसर पांढरा रंग डोळ्यांना अधिक खुपतो, हेही खरं. आणि ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागून उजेड पुढे ढकलतो, परत पाठवत नाही, म्हणून पावसात कुठलाही दिवा कमीच वाटतो. त्यावर लुमेन वाढवणं हा इलाज नाही. पुढच्या काचेचा आतला तेलकट थर पुसणं आणि वायपरची रबरं बदलणं याने जास्त फरक पडतो.

लुमेनच्या आकड्याची शहानिशा घरी करता येते. एच४ हॅलोजनचं प्रमाण १३.२ व्होल्टला हाय बीमसाठी १,६५० आणि लो बीमसाठी १,००० लुमेन आहे. एलईडी बल्ब किती अँपिअर घेतो ते मल्टिमीटरने मोजा. दोन अँपिअर घेत असेल तर झाले २६ वॅट. वॅटमागे १०० लुमेन धरले, तरी अडीच हजारांच्या आसपासच आकडा येतो. जोडीचे वीस हजार कुठून येणार? शिवाय एलईडी बल्बमागचा पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मावत नाही म्हणून मेकॅनिक दिव्यामागचं रबरी बूट, म्हणजे झाकण, कापतात किंवा काढूनच टाकतात. मग कोकणातल्या एका पावसाळ्यात आत दमट हवा आणि धूळ जाते, रिफ्लेक्टरची चकाकी उतरते, आणि नंतर हॅलोजन परत लावला तरी पहिला उजेड मिळत नाही. पंखा बंद पडला की चिप तापून बल्ब मंद होतो, आणि हे हळूहळू होत असल्याने लक्षातही येत नाही.

वॅट वाढवलेले हॅलोजन, म्हणजे ‘१००/९०’ बल्ब, हाही मार्ग नको. नियमाबाहेरचे आहेतच, वर मूळ वायरवर दीडपटीहून जास्त भार टाकतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरवर तपकिरी डाग पडतात.

आता करायचं काय, ते क्रमाने.

पहिल्यांदा काच. प्लॅस्टिकची पिवळट, धुरकट काच उजेड गिळते आणि उरलेला पसरवते. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. आधी ८०० किंवा १००० नंबरचा, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा वॉटर पेपर, सतत पाणी मारत. प्रत्येक नंबरला आधीच्या पेपरचे चरे पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका, इथेच बहुतेक जण घाई करतात. मग पॉलिश कंपाउंड, आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. तो मारला नाही तर काही महिन्यांत काच परत पिवळी पडते, कारण घासताना कंपनीचा मूळ थर निघून गेलेला असतो. आतला रिफ्लेक्टर मेला असेल तर मात्र घासून उपयोग नाही. कंपनीचा पूर्ण हेडलाइट बदलावा. दिसायला सारख्या स्वस्त नकलांमध्ये झोताची शिस्त नसते.

दुसरं, व्होल्टेज. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच. इंजिन चालू, लो बीम चालू, बल्ब जोडलेला, अशा स्थितीत बल्बच्या कपलरच्या (बल्बला लागणाऱ्या प्लगच्या) मागून मल्टिमीटरच्या पिना लावून व्होल्टेज घ्या, मग तेच बॅटरीच्या टर्मिनलवर घ्या. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर दोष सापडला. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे बल्बला १३.२ ऐवजी ११.८ व्होल्ट मिळाले, तर उजेड जेमतेम ६८ टक्के उरतो. एक तृतीयांश उजेड वायरमध्येच गेला! बदामी पडलेला होल्डर, हिरवट झालेल्या पिना, गंजलेली अर्थिंगची वायर, किंवा हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून फिरवणारी जुनी वायरिंग, यांपैकी काहीतरी निघतं.

यावर रिले किट बसवतात. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. लो बीमला एक आणि हाय बीमला एक असे ३० अँपिअरचे दोन रिले. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हातभर अंतराच्या आत प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. बल्बला सिरॅमिकचे होल्डर. अर्थिंगची वायर, रंग खरवडून, थेट बॉडीला. मूळ कपलर फक्त रिलेला चालू-बंद करतो, बल्बचा करंट बॅटरीतून येतो. मूळ वायरिंग न कापता कपलरला कपलर जोडणारंच किट घ्या, म्हणजे हवं तेव्हा पूर्ववत करता येतं. बल्ब ६०/५५ वॅटचेच राहतात, दिवा तोच, झोत तोच. फ्यूज न लावता बॅटरीवरून थेट वायर ओढणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. ती वायर कुठे घासली तर आग लागते.

तिसरं, बल्ब. जुने हॅलोजन काळे पडत जातात, म्हणून जोडीने बदला. नामांकित कंपनीचे ‘प्लस १००’, ‘प्लस १३०’ हे ६०/५५ वॅटचे बल्ब घेऊ शकता. तो आकडा रस्त्यावरच्या ठरावीक भागातल्या उजेडाचा असतो, एकूण उजेड दुप्पट होत नाही, आणि त्यांचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतं. तरी लांब पोचण्यात फरक पडतो. निळ्या काचेचे टाळा, निळा थर उजेड कमीच करतो. बसवताना काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागाशी काच तापून बल्ब लवकर जातो.

चौथं, झोताची उंची. सपाट जागा आणि भिंत शोधा. टायरमध्ये बरोबर हवा, अर्धी टाकी पेट्रोल, सीटवर एक माणूस, लेव्हलरचं, म्हणजे आतून झोत वर-खाली करायचं चाक शून्यावर. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या खुणा भिंतीवर करा आणि सरळ १० मीटर मागे घ्या. एक दिवा झाकून दुसऱ्याची लो बीम बघा. कट-ऑफची सपाट रेघ खुणेच्या १० सेंटीमीटर खाली हवी. हा झाला एक टक्का उतार. तुमच्या दिव्यावर किंवा शेजारच्या पट्टीवर वेगळा टक्का छापलेला असेल तर तो पाळा. दिवा ७० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर एक टक्क्याने झोत ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. तो अर्ध्या अंशाने जरी वर उचलला तरी जवळपास सपाट होतो आणि प्रत्येक खड्ड्यावर समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. उलट, धक्क्याने किंवा दुरुस्तीनंतर झोताचा उतार दोन टक्क्यांवर गेला असेल, तर पोच ३५ मीटरवर येते. ‘माझ्या गाडीला उजेडच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच निघतं. दिव्यामागचे स्क्रू दोन असतात, एक वर-खालीसाठी आणि एक डावी-उजवीकडे. स्टार किंवा फिलिप्स पान्याने चतुर्थांश फेऱ्यांत फिरवा आणि प्रत्येक वेळी भिंत बघा.

एवढं करूनही वळणावर आणि धुक्यात कमी पडलं, तर बंपरमधल्या मूळ जागेत कंपनीचे फॉग लॅम्प बसवून घ्या. बंपरवर किंवा टपावर लावायची एलईडी पट्टी आणि लांबवर मारणारे स्पॉट रस्त्यासाठी नाहीत. नियम १११ पुढच्या स्पॉटलाइटला मनाई करतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचे एलईडी हेडलाइट येत असतील, तर तो पूर्ण संच बसवणं हा वेगळा विषय आहे, कारण तो दिवाच एलईडी धरून बनलेला असतो. पण त्याला वायरिंग, लेव्हलर आणि कधी कधी गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंद लागते. अधिकृत वर्कशॉप लेखी बिलावर करून देत असेल तरच विचार करा.

दुचाकीवाल्यांसाठी एक सूचना. अनेक जुन्या मोटरसायकलींमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. तिथे बाजारातला डीसी एलईडी घातला की तो लुकलुकतो किंवा जळतो. झोताचा नियम दुचाकीलाही तोच, आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच करता येत नाही. म्हणजे चुकीचा बल्ब दिवसाही समोरच्याला त्रास देत राहतो.

बल्ब आधीच बसवले असतील तर भिंतीची हीच तपासणी रात्री करा. रेघेच्या वर उजेडाचे ठिपके किंवा पट्टे दिसले, तर स्क्रू पिळून ते जाणार नाहीत. झोत खाली दाबला की लांबचा उरलासुरला उजेडही जातो. हॅलोजन परत लावा आणि बूट मूळ जागी घट्ट बसवा. घाटात निघण्यापूर्वी मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर लेव्हलर १ किंवा २ वर घ्या, आणि परतीला गाडी रिकामी झाली की शून्यावर आणा.